खोळंबलेली सागरयात्रा : फिस्कच्या गायकवृंदाची कथा

मार्च २०२० मध्ये करोनाची महासाथ जगभर पसरली आणि युरोप-अमेरिकेतील चर्चशी निगडित महाविद्यालयांच्या गायकवृंदांचे परदेश-दौरे एकामागून एक पुढे ढकलले गेले. विमाने थांबली हे त्याचे एक कारण होते. परंतु त्याहून मोठे कारण असे की, एकत्र उभे राहून गाणे हीच गोष्ट धोक्याची ठरली होती. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट खोऱ्यातल्या एका गायकवृंदाने १० मार्च २०२० रोजी चर्चच्या सभागृहात तालीम केली. ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केल्यावर ठिकठिकाणच्या वृंदांनी तालमीही बंद केल्या. आपल्याकडे त्या वर्षी आषाढीला पालख्यांबरोबर दिंड्या पायी चालल्या नाहीत; संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास नेण्यात आल्या. टाळमृदंगाशिवाय गेलेला तो आषाढ आपण सर्वांनी पाहिला आहे.

प्रवास अडला, गाणे अडले, अशा वेळी गाणाऱ्यांनी करायचे काय, हा प्रश्न तेव्हा अनेकांना नवा वाटला. इतिहासात मात्र तो जुना आहे. एका धार्मिक संस्थेच्या महाविद्यालयातील गायकवृंदाचे तर सारे चरित्रच अशा खोळंब्यांनी भरलेले आहे. तो वृंद म्हणजे अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाचे 'ज्युबिली सिंगर्स'. त्यांची सागरयात्रा सहजासहजी घडली नाही, आणि ती घडण्यापूर्वी जे घडले तेच आम्हांला अधिक मोलाचे वाटते. म्हणून ती कथा येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. मुक्त झाले म्हणजे काय झाले? अंगावरच्या कपड्यांनिशी ते रस्त्यावर आले. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे एवढ्या मोठ्या समाजात लिहिता-वाचता येणारा माणूस विरळा. १८४६ साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन मिशनरी असोसिएशन' या गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती संस्थेने अशांसाठी शाळा काढण्यास आरंभ केला. ९ जानेवारी १८६६ रोजी नॅशव्हिलमध्ये, लष्कराने सोडून दिलेल्या इस्पितळाच्या लाकडी बराकींत, अशीच एक शाळा उघडली. मुक्त गुलामांच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचे तेथील अधिकारी जनरल क्लिंटन फिस्क यांनी तिला साह्य केले, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. पहिल्या विद्यार्थ्यांत सात वर्षांच्या पोरांपासून सत्तर वर्षांच्या वृद्धांपर्यंत सर्व वयांची माणसे होती. त्या काळची एक हकीकत नोंदली गेली आहे. गुलामांच्या बाजारातील कोंडवाड्यात पडलेल्या जुन्या बेड्या आणि साखळ्या मोडीत विकण्यात आल्या आणि त्या पैशांतून शाळेसाठी पुस्तके घेण्यात आली. ज्या लोखंडाने बापाचे हात बांधले होते त्याच्या मोडीतून मुलाचे पहिले पुस्तक आले.

१८६७ साली या शाळेची विद्यापीठ म्हणून रीतसर नोंदणी झाली. पण नाव मोठे झाले म्हणून तिजोरी भरली नाही. चार वर्षांत बराकींची लाकडे कुजू लागली, कर्ज वाढले, आणि संस्था बंद करण्याची भाषा सुरू झाली. संस्थेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे न्यूयॉर्क राज्यातील एका लोहाराचे पुत्र. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात होते. संगीताचे पद्धतशीर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, पण कान विलक्षण होता. जमाखर्चाच्या वह्या सांभाळून उरलेल्या वेळात ते विद्यार्थ्यांना गाणे शिकवीत. त्यांच्या हाताखाली एला शेपर्ड नावाची तरुणी होती. तिचा जन्म १८५१ सालचा, गुलामगिरीतला. बापाने ३५० डॉलर मोजून तिला सोडवून आणले होते. आईला मात्र तो सोडवू शकला नाही. खिशात सहा डॉलर घेऊन एला १८६८ साली फिस्कमध्ये शिकावयास आली. पुढे ती तेथेच संगीत शिकवू लागली. गायकवृंदाची पियानोवादक, तालमी घेणारी आणि अडचणीच्या वेळी सर्वांना सांभाळून घेणारी अशी तीच होती.

व्हाइट यांच्या मनात आले की, या मुलांना घेऊन उत्तरेकडील शहरांत जावे, चर्चमधून गाण्याचे कार्यक्रम करावेत आणि संस्थेसाठी पैसा उभा करावा. मिशनच्या कार्यालयाला ही कल्पना पसंत पडली नाही. मुक्त गुलामांच्या मुलांना गावोगाव गाण्यासाठी फिरवणे संस्थेला शोभेल का, लोक याला तमाशा समजतील, शिवाय खर्च कोणी द्यायचा, अशा शंका निघाल्या. आयुष्य सरकारी कचेरीत घालवलेल्या आम्हांला ही भाषा ओळखीची वाटते. नवा प्रस्ताव पुढे आला की प्रथम 'असे पूर्वी कधी झाले आहे काय?' हा शेरा पडतो, आणि त्या शेऱ्यात वाईट हेतू असतोच असे नाही. शेवटी संस्थेच्या पाठबळाची वाट न पाहता व्हाइट यांनी स्वतःजवळचे आणि उसने आणलेले पैसे गोळा केले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या तरुण-तरुणींना घेऊन ते आगगाडीत बसले. त्यांपैकी बहुतेक जण गुलाम म्हणून जन्मलेले होते. फिस्कमध्ये आजही ६ ऑक्टोबर हा दिवस 'ज्युबिली दिन' म्हणून पाळला जातो.

दौरा सुरू झाला, पण चालेना. ओहायो राज्यात सभागृहे अर्धी रिकामी राहात. हॉटेलवाले रंग पाहून खोली नाकारीत. त्या काळी गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची थट्टा करणारे खेळ करीत आणि ते फार लोकप्रिय होते. 'काळ्यांचे गाणे' म्हटल्यावर प्रेक्षक तसल्याच करमणुकीची अपेक्षा ठेवून येत. समोर मात्र नीटनेटक्या पोशाखातील, गंभीर मुद्रेचे विद्यार्थी उभे राहात आणि गोऱ्या समाजात प्रतिष्ठित असलेली गीते सफाईने म्हणून दाखवीत. टाळ्या पडत, झोळी भरत नसे. याच सुमारास शिकागो शहराला प्रचंड आग लागली. ओहायोतील एका कार्यक्रमात मिळालेली पन्नास डॉलरहून थोडी कमी असलेली सारी रक्कम या मुलांनी आगीतील निराधारांसाठी देऊन टाकली. स्वतःच्या परतीच्या भाड्याची भ्रांत असताना त्यांनी हे केले, ही गोष्ट विसरता येत नाही.

कोलंबस या गावी मंडळी अगदी निराश झाली होती. परत फिरावे की पुढे जावे, याचा विचार करून, प्रार्थना करून, पुढे जाण्याचे ठरले आणि तेथेच वृंदाला 'ज्युबिली सिंगर्स' हे नाव देण्यात आले. बायबलच्या जुन्या करारात दर पन्नासाव्या वर्षी गुलामांना मुक्त करण्याची आज्ञा आहे. त्या मुक्तिवर्षाला ज्युबिली म्हणतात. नाव धारण करणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे या कथेतील खरे वळण येते. या मुलांजवळ आणखी एक भांडार होते, आणि ते त्यांनी लपवून ठेवले होते. त्यांच्या आईबापांनी, आजा-आजींनी कापसाच्या शेतात, रात्री झोपड्यांत, जंगलात चोरून भरवलेल्या प्रार्थनासभांत म्हटलेली गीते ती. इंग्रजीत त्यांना 'स्पिरिच्युअल्स' म्हणतात. त्यांचा कर्ता कोणी एक नाही. एकाने ओळ म्हणावी आणि सर्वांनी ती झेलावी, अशी त्यांची घडण. आपल्या भजनातील ध्रुपदासारखी. मोशेने इजिप्तच्या दास्यातून सोडवलेले लोक, यार्देन नदीपलीकडचा देश, स्वर्गाकडे निघालेला रथ हे त्यांतील नेहमीचे विषय. धन्याला ती निरुपद्रवी भक्तिगीते वाटत. गाणाऱ्याला त्यांत पळून जाण्याची वाट आणि सुटकेची आशाही ऐकू येई.

ही गीते विद्यार्थी चारचौघांत म्हणत नसत. एला शेपर्ड हिने पुढे सांगून ठेवले आहे की, ती आईबापांची पवित्र ठेव होती, आणि तिच्याशी गुलामगिरीची आठवणही जखडलेली होती. म्हणून ती दारे-खिडक्या लावून, हलक्या आवाजात म्हटली जात. शिकलेल्या मुलांना त्यांचा संकोच वाटे, हे त्यामागचे दुसरे कारण. हा संकोच आपल्यालाही अपरिचित नाही. जात्यावरच्या ओव्या आपल्या पणज्या म्हणत. मुली शाळेत जाऊ लागल्या, घरात पिठाच्या गिरणीचे पीठ येऊ लागले, आणि त्या ओव्या 'जुनाट' म्हणून मागे पडल्या. त्यांतील दुःख कोणी नाकारले नाही. पण पाहुण्यांसमोर त्या कोणी म्हटल्याही नाहीत.

नोव्हेंबर १८७१ मध्ये ओबर्लिन येथे काँग्रिगेशनल चर्चची राष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे जमलेल्या धर्मोपदेशकांपुढे या मुलांनी आपली ठेवणीतली गीते म्हटली. सुरुवात अत्यंत मंद आवाजात करायची आणि सूर हळूहळू भरत न्यायचा, ही व्हाइट यांची शिकवण होती. सभागृहातील कुजबूज थांबली. ज्या गाण्यांची लाज वाटत होती तीच ऐकणाऱ्यांच्या काळजाला भिडली. यानंतर कार्यक्रमांचे स्वरूप बदलत गेले आणि आईबापांची गीते मध्यभागी आली. दौरा पहिल्या आठवड्यापासून सुरळीत चालला असता तर ते भांडार उघडले गेले असते का? आमच्या मते अपयशाच्या त्या दीड महिन्याने त्यांना स्वतःच्या घराकडे वळवले. बाहेरचे उसने आणलेले पुरेनासे झाले, तेव्हा घरातले बाहेर आले.

डिसेंबरमध्ये ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चमध्ये हेन्री वॉर्ड बीचर या विख्यात धर्मोपदेशकाने त्यांना गाण्यास बोलावले आणि वृत्तपत्रांतून त्यांचे नाव गाजले. १८७२ च्या वसंतात ते राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे गायिले. पहिल्या मोहिमेअखेर २० हजार डॉलर जमले; कर्ज फिटले आणि नॅशव्हिलमधील फोर्ट गिलेम या जुन्या लष्करी ठाण्याची जागा नव्या इमारतीसाठी घेण्यात आली. जागा झाली, आता इमारत हवी. त्यासाठी समुद्रापार इंग्लंडला जाण्याचा विचार पुढे आला.

हा विचार तडीस जाण्यास बराच काळ लागला. १८७२ च्या शरद ऋतूत वृंदाची संख्या वाढवून त्याचे दोन तुकड्यांत विभाजन करण्यात आले. एका वेळी दोन शहरांत कार्यक्रम झाले तर पैसा दुप्पट मिळेल, असा हिशेब होता. हिशेब चुकला. दोन्ही तुकड्यांचे बळ कमी पडले, खर्च मात्र दुप्पट झाला. थोड्या महिन्यांनी तुकड्या पुन्हा एकत्र कराव्या लागल्या. मग आगबोटीचा प्रश्न आला. मोठमोठ्या आगबोट-कंपन्यांकडे केबिनची तिकिटे मागितली, तेव्हा एकीमागून एक नकार आले. पैसे रोख देऊनही काळ्या प्रवाशांना गोऱ्यांच्या बरोबरीने बसवण्याची त्यांची तयारी नव्हती. अखेर क्युनार्ड कंपनीच्या 'बटाव्हिया' या बोटीने त्यांना घेतले, आणि १२ एप्रिल १८७३ रोजी बोस्टनच्या बंदरातून ती निघाली.

या लांबलेल्या काळात वृंदाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तालमी चालू राहिल्या. थिओडोर स्यूअर्ड या संगीतज्ञाने या गीतांचे स्वरलेखन केले आणि १८७२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. तोवर जी गाणी केवळ कंठात होती ती कागदावर उतरली. ते काम झाले नसते, तर त्यांतील कित्येक गीते त्या पिढीबरोबर गेली असती. कार्यक्रम संपल्यावर ही पुस्तके विकली जात; त्यातूनही पैसा उभा राहिला आणि गाणी ज्या गावांत वृंद कधी गेला नाही तेथेही पोहोचली.

इंग्लंडमध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या पुढाकाराने ६ मे १८७३ रोजी लंडनमधील विलिसच्या सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. लगेच ड्यूक ऑफ आर्गाइल यांच्या घरी राणी व्हिक्टोरियाने त्यांचे गाणे ऐकले. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना न्याहारीस बोलावून एका टेबलाशी बसवले. अमेरिकेत ज्यांना उपाहारगृहाच्या दारातून परत पाठवले जाई त्यांच्या दृष्टीने या न्याहारीचे महत्त्व सांगायला नको. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्स यांच्या हल या गावीही ते गेले. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये वर्षभर फिरून १८७४ मध्ये ते परतले तेव्हा त्यांनी सुमारे ५० हजार डॉलर मिळवले होते. त्या पैशातून 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली आणि १ जानेवारी १८७६ रोजी तिचे उद्घाटन झाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी बांधलेली ती पहिली कायम स्वरूपाची वास्तू मानली जाते. एडमंड हॅवेल या चित्रकाराने रंगवलेले वृंदाचे भव्य चित्र तेथे आहे.

१८७३ हे साल मराठी वाचकाला आणखी एका कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. सप्टेंबरमध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. पुण्यात बसून एक माणूस अमेरिकेतील मुक्तीकडे पाहत होता, आणि ती मुक्ती ज्यांना मिळाली ती मुले त्याच महिन्यांत लंडनमध्ये गात होती. दोघांना परस्परांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. पण शाळा हीच मुक्तीची पुढची पायरी, हे दोघांनीही ओळखले होते.

या यशाची किंमतही सांगितली पाहिजे. व्हाइट यांची पत्नी लॉरा हिचा १८७४ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो येथे विषमज्वराने अंत झाला. पहिल्या तुकडीतील बेंजामिन होम्स क्षयाने गेला. रोजचा प्रवास, थंडी, अपुरी झोप आणि दर रात्रीचे गाणे यांनी अनेकांचे घसे आणि प्रकृती खालावल्या. ज्या शिक्षणासाठी ते गात होते ते त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र बाजूस राहिले. मूळ तुकडीतील कोणीही फिस्कची पदवी घेऊ शकले नाही. १८७५ ते १८७८ या दुसऱ्या युरोपवारीत हॉलंड आणि जर्मनीतही त्यांचे कौतुक झाले. पण १८७८ मध्ये जर्मनीतच, थकलेल्या अवस्थेत, वृंद विसर्जित करावा लागला. सात वर्षांत त्यांनी दीड लाख डॉलर मिळवून दिले होते. परदेशगमनाचा डामडौल पाहणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी. काही वेळा दौरा थांबणे हे गाणाऱ्याच्या जिवासाठी हिताचेच असते.

वृंद विसर्जित झाला, पण गाणे थांबले नाही. १८७९ मध्ये व्हाइट यांनी विद्यापीठाच्या आश्रयावाचून नवा वृंद बांधला. पुढे त्याची धुरा फ्रेडरिक लाउडिन या भारदस्त खर्जाच्या गायकाने घेतली. लाउडिन १८८४ मध्ये आपल्या मंडळींना घेऊन निघाला तो सहा वर्षांनी, १८९० मध्ये, पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन, जपान असा तो प्रवास. हिंदुस्थानात असताना ही मंडळी आग्र्यास गेली आणि ताजमहालाच्या घुमटाखाली त्यांनी आपली गीते म्हटली. त्या घुमटात सूर किती वेळ रेंगाळतो, हे तेथे गेलेल्यांना ठाऊक आहे. कापसाच्या शेतात जन्मलेले गाणे यमुनेच्या काठी ऐकू आले.

ऑस्ट्रेलियातील एक प्रसंग मात्र आम्हांला ताजमहालाहूनही अधिक लक्षणीय वाटतो. १८८६ मध्ये मरे नदीकाठच्या मालोगा येथील वसाहतीत लाउडिनच्या मंडळींनी तेथील आदिवासींपुढे गाणे केले. आपली भूमी गमावलेल्या त्या लोकांना दास्याची ही गाणी परकी वाटली नाहीत. फारोहाच्या सैन्याच्या नाशाचे एक गीत त्यांनी योर्ता योर्ता या आपल्या भाषेत घेतले. ते 'बुरा फेरा' या नावाने तेथे अजून गायले जाते. हे भाषांतर करण्याचे श्रेय तेथील शिक्षक थॉमस शॅड्रॅक जेम्स यांना दिले जाते. जेम्स हे मॉरिशसमध्ये भारतीय आईबापांपोटी जन्मलेले. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे गीत, अमेरिकेत घडलेले, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी भाषेत, एका भारतीय वंशाच्या शिक्षकाच्या हातून रुजले. पैशाच्या मोजमापात या भेटीची नोंद शून्य असेल. गाण्याच्या इतिहासात तिची नोंद कायमची झाली आहे.

फिस्कमध्ये ही परंपरा जॉन वेस्ली वर्क यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुन्हा जोमाने उभी केली. १९०९ मध्ये त्यांच्या चौघांच्या वृंदाचे ध्वनिमुद्रण झाले आणि हे गाणे तबकडीवर आले. याच फिस्कमध्ये शिकलेले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण या दुःखगीतांवर लिहिले. ज्युबिली हॉल त्यांना या गीतांनीच बांधलेला वाटे. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघापुढील अर्जाबद्दल विचारणा करणारे पत्र लिहिले ते याच ड्युबॉइस यांना, आणि त्यांनी त्याला आदराने उत्तर दिले. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून निघालेला धागा असा पुढे जात राहिला.

२००७ मध्ये घाना देशाच्या स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी फिस्कचा वृंद तेथे गाण्यास गेला. ज्या किनाऱ्यांवरून माणसांना बेड्या घालून जहाजांत भरले जाई त्या किनाऱ्यांच्या देशात त्यांची गीते पोहोचण्यास शतके लागली. सागरयात्रा खोळंबली म्हणायची, तर ही सर्वांत मोठी. त्या वेळी वृंदाचे दिग्दर्शक असलेले पॉल क्वामी हे स्वतः घानाचे पुत्र होते. १९९४ पासून सप्टेंबर २०२२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हा वृंद सांभाळला.

वृंदाच्या स्थापनेला दीडशे वर्षे पूर्ण होण्याचे साल २०२१. आणि नेमके त्याच सुमारास करोनाने जगभरची सभागृहे बंद केली. मार्च २०२१ मध्ये, गाण्याच्या बैठका अजून सुरळीत झालेल्या नसताना, या वृंदाच्या दीडशे वर्षांनिमित्त काढलेल्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ते गाणे टाळेबंदीपूर्वीच मुद्रित होऊन राहिले होते. १८७२ मध्ये स्यूअर्ड यांनी कागदावर केले तेच काम या वेळी यंत्राने केले होते : हातात वेळ आणि कंठात सूर असताना ठेव जपून ठेवली होती, म्हणून अडल्या काळात ती उपयोगी पडली.

या सर्व इतिहासातून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. दौरा ही गायकवृंदाची मिळकत आहे. त्याचे मूळ भांडवल निराळे असते. ते भांडवल म्हणजे पूर्वजांकडून आलेली गाणी, ती एकत्र म्हणण्याची सवय, आणि ती लिहून किंवा मुद्रित करून ठेवण्याचा नेटकेपणा. ही तीन कामे चालू राहिली तर जहाज सहा महिने उशिरा निघाले तरी बिघडत नाही. ती थांबली तर जहाज वेळेवर निघून काय उपयोग? फिस्कच्या मुलांना परवानगी मिळाली नाही, पैसा मिळाला नाही, बोटीत जागा मिळाली नाही. या प्रत्येक वेळी त्यांनी हातातले काम सोडले नाही.

आपली घराणी कोणी इंदुरास, कोणी ग्वाल्हेरीस, कोणी बडोद्यास, कोणी बेळगावास, कोणी हैदराबादेस पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्यापैकी अनेक मंडळांत भजनाचे वर्ग आहेत, गणेशोत्सवातील मेळ्यांची आठवण आहे, शारदोत्सव आहेत. वर्षाला एखादा पुण्या-मुंबईचा कलावंत बोलावता आला नाही, किंवा आपल्या मंडळाचा बाहेरगावचा कार्यक्रम रद्द झाला, तर 'यंदा काहीच झाले नाही' असे आपण म्हणतो. तेवढ्या अवधीत घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली आरत्या, पाळणे, भोंडल्याची गाणी, ओव्या यांची एक वही तयार होऊ शकते. माळव्यातील मराठी बायकांच्या ओवीत माळवी शब्द कसे मिसळले, बेळगावच्या पाळण्यात कानडी वळण कोठे आले, हे पुण्याच्या ग्रंथालयात सापडणार नाही. ते आपल्याच माजघरात आहे. आणि ज्यांना ते येते त्यांची वये आता ऐंशीच्या घरात आहेत.

फिस्कच्या मुलांनी दारे लावून म्हटलेली गाणी दारे उघडून म्हणण्याचे धैर्य दाखवले, तेव्हा त्यांचे विद्यापीठ वाचले. आपल्यावर तशी वेळ आलेली नाही. म्हणूनच आपण सावकाश, पण नक्की, हे काम हाती घ्यावे. पुढील सहा महिन्यांत प्रत्येक घराने निदान पाच गाणी, ती कोणाकडून आली त्या नावांसह, लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून आपापल्या मंडळाकडे दिली, तर दोनेक वर्षांत एक चांगला संग्रह उभा राहील, असे आम्हांला वाटते.